क्यासनूरचे रान: गोचीड, वानर आणि गावाची गुरे

पश्चिम घाटाच्या माथ्यावर शिमोगा जिल्ह्याचा जो पश्चिमेकडील भाग पसरला आहे, तो कन्नडमध्ये मलनाड, म्हणजे डोंगराळ मुलूख, या नावाने ओळखला जातो. सागर आणि सोरब हे त्यातील दोन तालुके. येथील शेतीची रचना पिढ्यान्‌पिढ्या जवळपास एकाच साच्याची राहिली. दरीच्या तळाशी भातखाचरे, पाण्याच्या कडेने सुपारीच्या बागा आणि त्यांच्या वरच्या उतारावर रान. त्या रानातून बागेसाठी हिरवा पाला आणि वाळलेला पातेरा आणायचा, जळण तोडायचे आणि गावची गुरे तेथेच चरायला सोडायची. सुपारीच्या बागांना लागणाऱ्या पाल्यासाठी राखून ठेवलेल्या अशा डोंगरउतारांना तेथे सोप्पिन बेट्ट म्हणतात आणि त्यांवरचा बागायतदारांचा हक्क सरकारदरबारीही मान्य होता. मलनाडचे रान असे माणसाच्या रोजच्या वापरातले होते. ज्या रोगाला पुढे जगभर क्यासनूर वनज्वर हे नाव मिळाले आणि मराठी मुलखात ज्याला माकडताप म्हणतात, त्याचा इतिहास वाचताना ही रचना आधी लक्षात घ्यावी लागते, कारण रोगाचे मूळ शोधणाऱ्यांचे तिच्याकडे बऱ्याच उशिराने लक्ष गेले.

1957 सालच्या पहिल्या काही महिन्यांत सोरब तालुक्यातील क्यासनूर गावाजवळच्या राखीव जंगलात आणि आसपासच्या रानांत माकडे व वानरे मरून पडलेली आढळू लागली आणि त्याच सुमारास रानाच्या कडेच्या गावांत तापाची साथ सुरू झाली. ताप एकाएकी थंडी वाजून चढे, कपाळ असह्य दुखे, पाठ आणि पोटऱ्या पिळवटून निघत, डोळे लाल होत, उलट्या-जुलाब होत आणि काही रुग्णांच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येई. पहिला ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे गेल्यावर काहींना पुन्हा ताप भरे आणि या दुसऱ्या फेरीत मान ताठरणे, हातपाय थरथरणे, भान हरपणे अशी मेंदूच्या विकाराची लक्षणे दिसत. त्या वर्षी 466 आणि पुढच्या वर्षी 181 माणसे आजारी पडल्याची नोंद आहे. रोग झालेल्या शंभर माणसांपैकी साधारण तीन ते पाच दगावत, असे प्रमाण पुढील अनेक वर्षांच्या नोंदींतून निघाले. किती वानरे मेली याचा आकडा मात्र कोणालाच नेमका सांगता येणार नाही, कारण दाट झाडीत मेलेले जनावर माणसाच्या नजरेस पडेलच असे नसते.

तपासासाठी बोलावणे गेले ते पुण्याला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून 1952 साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. रॉकफेलर प्रतिष्ठानाचे विषाणूविषयक बरेचसे काम पीतज्वरातून, म्हणजे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका खंडांत डासांमार्फत पसरणाऱ्या एका घातक तापातून, उभे राहिलेले होते आणि त्या तापाची लस तयार करणाऱ्या मॅक्स थायलर या त्यांच्या शास्त्रज्ञाला 1951 सालचे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पीतज्वर येण्याआधी माकडे मरू लागतात, हे या मंडळींना पुरते माहीत होते. साहजिकच जंगलात मेलेली माकडे आणि शेजारच्या गावात ताप हे समीकरण ऐकताच पहिली शंका पीतज्वराचीच आली. ही शंका साधी नव्हती. पीतज्वर भारतात कधीच आलेला नव्हता, पण तो वाहून नेणारा एडीस इजिप्ती हा डास येथे मुबलक होता आणि कोट्यवधी लोकांपैकी कोणाच्याच अंगी त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती.

केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफोर्ड वर्क आणि कीटकतज्ज्ञ हॅरॉल्ड ट्रॅपिडो हे आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह मलनाडात उतरले. ट्रॅपिडो यांनी त्याआधी पनामात वनातील पीतज्वरावर काम केले होते आणि तेथील अनुभव असा होता की रोगाचे डास झाडांच्या शेंड्यांवर राहतात. त्यामुळे नजर प्रथम वर, झाडांच्या छत्राकडे गेली. उत्तर पायाखाली निघाले. मेलेल्या आणि मरणासन्न वानरांच्या अवयवांतून, रुग्णांच्या रक्तातून आणि रानातल्या गोचिडींतून एकच विषाणू हाती आला आणि तो पीतज्वराचा नव्हता. दूध पिणाऱ्या उंदरांच्या पिलांना टोचून आणि रक्तद्रवातील प्रतिपिंडांची, म्हणजे शरीराने रोगाविरुद्ध तयार केलेल्या संरक्षक प्रथिनांची, तुलना करून असे दिसले की हा विषाणू सायबेरियाच्या जंगलांत गोचिडींमार्फत पसरणाऱ्या रशियन वासंतिक-ग्रीष्म मस्तिष्कज्वराच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद आहे. एका नव्या विषाणूची अशी ओळख काही महिन्यांतच पटली, ही त्या काळाच्या साधनांकडे पाहता मोठीच कामगिरी म्हणावी लागेल.

या सगळ्या प्रकरणात मुख्य वाहक ठरलेली गोचीड हिमाफायसालिस स्पायनिजेरा या नावाने शास्त्राला परिचित आहे आणि तिचा जीवनक्रम समजल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. गोठ्यातल्या गुराच्या कानामागे आणि कासेजवळ दिसणारी नेहमीची गोचीड अंड्यातून बाहेर पडल्यावर आपले सगळे आयुष्य एकाच जनावरावर काढते. ही मात्र तीन यजमानांची गोचीड आहे. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली मादी गाय, म्हैस, सांबर किंवा गवा अशा मोठ्या जनावराचे रक्त पिऊन टम्म फुगते, खाली गळून पडते आणि पातेऱ्याखाली हजारोंनी अंडी घालून मरते. पाऊस ओसरल्यावर त्यातून मोहरीच्या दाण्याहूनही बारीक, सहा पायांच्या अळ्या निघतात आणि गवताच्या टोकांवर घोस करून वाट पाहत बसतात. उंदीर, चिचुंद्री किंवा जमिनीवर चरणारा पक्षी जवळून गेला की त्याला चिकटतात, पोट भरले की गळून पडतात आणि कात टाकून आठ पायांची पिले बनतात. पिलांचा हा काळ नोव्हेंबर ते मे असा असून जानेवारी ते मार्च त्यांचा जोर सर्वाधिक असतो. हीच पिले वानरांना आणि माणसांना चावतात. ती कात टाकून प्रौढ होतात ती पुढच्या पावसाळ्यात आणि मग पुन्हा गुरांकडे वळतात. अळीने एखाद्या आजारी प्राण्याच्या रक्तातून घेतलेला विषाणू तिने कात टाकून पिलू झाल्यावरही तिच्या अंगात टिकून राहतो, त्यामुळे एकदा लागण झालेली गोचीड पुढच्या यजमानालाही रोग देऊ शकते.

जानेवारी ते मार्च हे महिने मलनाडात पातेरा गोळा करण्याचे, सरपण तोडण्याचे आणि रानातला मेवा वेचण्याचे आहेत. साथीचे वेळापत्रक आणि गावच्या कामाचे वेळापत्रक यांचा असा मेळ बसलेला होता. माणसापासून माणसाला हा रोग लागत नाही. गोचिडीच्या दृष्टीने माणूस हा रस्ता संपण्याची जागा आहे.

विषाणूचा भाऊबंद सायबेरियात सापडतो म्हटल्यावर तो तेथून मलनाडात पोहोचला कसा, हा प्रश्न उभा राहिला आणि संशयाचे बोट स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांकडे वळले. हिवाळ्यात उत्तरेकडून लाखो पक्षी भारतात येतात. त्यांच्या अंगावरून एखादी रोगी गोचीड आली असेल, ही कल्पना वरवर पाहता पटण्यासारखी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने 1959 पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि पक्षी हाती आल्यावर त्यांच्या अंगावरच्या गोचिडीही गोळा केल्या. पक्ष्यांनी हा विषाणू आणला असे सिद्ध करणारा पुरावा त्यातून निघाला नाही, मात्र भारतातील पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात याविषयीची बरीच पक्की माहिती या कार्यक्रमामुळे मिळाली. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या एका पाहणीकडून पैसा मिळू लागला, तेव्हा परदेशी लष्कराला भारतातील पक्षी आणि रोग यांत एवढा रस का, असा सवाल उठला आणि 1970 च्या दशकाच्या मध्यावर संसदेच्या लोकलेखा समितीनेही या प्रकारावर टीका केली. शीतयुद्धाचा काळ पाहता हा संशय सर्वस्वी अनाठायी होता असे म्हणता येत नाही. पण मलनाडच्या तापाचे मूळ समजून घ्यायला त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

मूळ उलगडायला सुरुवात झाली ती रान आणि गाव यांच्या सीमेवर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या लोकांकडून. पुण्याच्या केंद्राने सागर येथे क्षेत्रीय ठाणे उभारले होते आणि तेथे जॉर्ज बोशेल, पी. के. राजगोपालन यांसारख्या संशोधकांनी गोचिडी, उंदीर, वानरे आणि गुरे यांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या. बोशेल मूळचे कोलंबियाचे. तेथील जंगलात झाड कोसळताच शेंड्यावरचे निळसर डास लाकूडतोड्यांभोवती घोंघावू लागतात, हे त्यांनी पीतज्वराच्या तपासात टिपले होते. म्हणजे जंगल तोडताना माणूस स्वतःहून रोगाच्या वाटेत जाऊन उभा राहतो, हे ते पूर्वीच शिकलेले होते. 1969 साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात त्यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा की हा विषाणू रानात उंदीर-चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्यात बहुधा पूर्वीपासूनच शांतपणे फिरत असावा. लोकवस्ती वाढली, रान तुटून शेते झाली, तोडलेल्या जागी घाणेरीची जाळी माजली, आणि गुरांचे कळप या कडेच्या भागात रोज ये-जा करू लागले, तेव्हा गोचिडींची संख्या बेसुमार वाढून तो उफाळून आला. पूर्वी सांबर किंवा गवा विखुरलेल्या रानात जेवढ्या गोचिडींना रक्त पुरवीत, त्याच्या कितीतरी पट गोचिडींना गावाचा कळप पुरवतो, आणि पुरवतो तेही नेमके माणसाच्या पायवाटेवर. पीतज्वराच्या आफ्रिकेकडे आणि पक्ष्यांच्या सायबेरियाकडे धावलेली नजर अखेर गावच्या गुराखीवाटेवर येऊन थांबली, असे या संशोधनाचे वर्णन करता येईल. 1990 च्या दशकात सौदी अरेबियात याच विषाणूशी अत्यंत जवळचे नाते असलेला अलखुर्मा विषाणू सापडल्यामुळे त्याच्या दूरच्या कुळाचा प्रश्न पुन्हा निघाला. मलनाडात तो का उफाळला याचे बोशेल यांनी दिलेले उत्तर त्यामुळे बदलत नाही.

येथे गुराची भूमिका नीट समजून घ्यायला हवी. गाय या तापाने आजारी पडत नाही आणि तिच्या रक्तात विषाणू गोचिडींना लागण होण्याइतका वाढतही नाही. तिच्याकडून गोचिडीला फक्त अन्न मिळते. वानराची गोष्ट उलट आहे. करड्या रंगाचे, काळ्या तोंडाचे हनुमान वानर आणि कोकणात ज्याला केलडे म्हणतात ते लाल तोंडाचे माकड, हे दोन्ही या विषाणूला बळी पडतात, त्यातही वानरे अधिक. आजाराच्या काही दिवसांत त्यांच्या रक्तात विषाणूचे प्रमाण प्रचंड वाढते आणि अंगावरच्या गोचिडींच्या शेकडो पिलांना एकाच वेळी लागण होते. वानर मेले आणि शरीर थंड पडू लागले की या गोचिडी त्याला सोडून सभोवारच्या पातेऱ्यात उतरतात. अशा रीतीने मेलेल्या वानराभोवतीची जागा रोगाचा तप्त बिंदू बनते. म्हणूनच शव दिसले की ते हाताने न उचलता आरोग्य खात्याला कळवायचे, सुमारे 50 मीटर परिसरात मॅलॅथिऑनसारख्या कीटकनाशकाची भुकटी धुरळायची आणि शव जाळायचे, अशी पद्धत रूढ झाली. वानर रोग पसरवते म्हणून त्याला हुसकावण्याची किंवा मारण्याची जी ओढ गावोगाव दिसते, ती या वस्तुस्थितीच्या अगदी विरुद्ध आहे. हुसकावलेली टोळी आपल्या अंगावरच्या गोचिडी घेऊन शेजारच्या गावाच्या रानात जाते.

लसीचा इतिहास यापेक्षा थोडक्यात सांगता येतो. रशियन तापावरची लस मलनाडात वापरून पाहिली, ती उपयोगी पडली नाही. मग पुण्यातच 1960 च्या दशकात कोंबडीच्या गर्भातील पेशींवर विषाणू वाढवून आणि फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून लस तयार करण्यात आली, आणि पुढे बंगळूरच्या पशुआरोग्य व पशुजैविक संस्थेत तिचे उत्पादन होऊ लागले. प्रयोगशाळेतही हा विषाणू फार धोक्याचा ठरला. त्यावर काम करणाऱ्या अनेक कर्मचाऱ्यांना लागण झाली. अशा विषाणूंवरचे काम सुरक्षितपणे करता यावे म्हणून लागणारी सर्वोच्च म्हणजे चौथ्या पातळीची जैवसुरक्षा प्रयोगशाळा पुण्यात सुरू झाली ती 2012 साली. लसीबद्दलचा अनुभव संमिश्र आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन मात्रांनी सुमारे 62 टक्के आणि त्यानंतरच्या पूरक मात्रेने सुमारे 83 टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. ऐन हंगामाआधी वारंवार टोचून घ्यावी लागणारी, दुखणारी सुई घ्यायला गावकरी फारसे राजी नसत, यात नवल नाही. अखेर परिणामकारकता खालावल्यामुळे 2022 साली कर्नाटकात ही जुनी लस थांबवण्यात आली.

सुमारे दीड दशक हा रोग सागर, सोरब आणि लगतच्या तालुक्यांपुरताच राहिला. 1970 च्या दशकात तो उत्तर कन्नडकडे सरकला आणि 1980 च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कन्नडमधील बेळ्तंगडी तालुक्यात त्याचा मोठा उद्रेक झाला. तेथे काजूची लागवड करण्यासाठी जुने रान तोडण्यात आले होते, आणि तोडीनंतर वानरे मरू लागली व मजुरांना ताप येऊ लागला. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी 1987 साली या उद्रेकाचा अभ्यास प्रसिद्ध करताना माकडतापाला विकासातून जन्मलेला आजार म्हटले. रान तोडल्याने तेथील दैवते कोपली, असे स्थानिक लोक म्हणत होते, याचीही त्यांनी दखल घेतली. दैवताचा कोप आणि बोशेल यांचे विवेचन यांची भाषा वेगळी असली, तरी दोहोंचा रोख त्याच तोडलेल्या रानाकडे होता.

पुढील उडी तीन दशकांनंतरची आहे. 2012 साली बंदिपूर आणि निलगिरीच्या बाजूला, 2013 नंतर केरळच्या वायनाडमध्ये आणि 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली येथे रोग सापडला. 2016 साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आणि 2017 साली सावंतवाडी तालुक्यातील बांद्याच्या परिसरात तो पोहोचला. उपलब्ध नोंदींकडे पाहता त्याच्या वाटचालीत काजू हा दुवा पुन्हापुन्हा येतो. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरकडून गोव्यातल्या बागांत मजुरीला गेलेल्या माणसांतही रोग दिसला. काजूच्या झाडाखाली पातेऱ्याचा जाड थर साचतो. फेब्रुवारी ते मे या काळात पिकलेले बोंडू त्याच पातेऱ्यावर गळून पडतात. मजूर वाकून किंवा उकिडवे बसून ते एकेक वेचतात आणि बोंडापासून बी पिळून काढतात. बोंडू खायला वानरांच्या टोळ्या त्याच झाडांवर येतात, आणि बागेला कुंपण नसेल तर गुरेही त्याच झाडांखाली फिरतात. गोचिडीच्या पिलाला यापेक्षा सोयीची जागा मिळणे कठीण. भातशेतीचा तरवा, म्हणजे रोपांची जागा, भाजण्यासाठी पातेरा गोळा करण्याची कोकणातली जुनी रीतही याच महिन्यांतली. रोग येण्याची सर्व सिद्धता कोकणात कित्येक वर्षे होती. विषाणू तेवढा उशिरा आला, किंवा उशिरा ओळखला गेला.

दोडामार्गात सुरू झालेले उपाय मलनाडासारखेच होते: रानात जाण्याआधी अंगाला गोचिडी दूर ठेवणारे तेल चोळणे, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करणे, मेलेले वानर दिसले की कळवणे, रक्ताचे नमुने पुण्याला पाठवणे. यांतले बहुतेक उपाय मजुराच्या अंगावर येऊन थांबतात आणि गोचिडीच्या मूळ खाद्यपुरवठ्याला हात लावत नाहीत. याचे कारण समजण्यासाठी या इतिहासाच्या कितीतरी आधीच्या एका प्रकरणाकडे पाहणे उपयोगाचे आहे. 1893 साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी टेक्सास ज्वर नावाचा गुरांचा रोग गोचिडींमुळे पसरतो हे दाखवून दिले. कीटक-गोचिडींसारखे संधिपाद प्राणी रोग वाहतात याचा पक्का पुरावा देणारे ते सुरुवातीच्या कामांपैकी एक होते. 1906 पासून तेथे गुरांना औषधी पाण्याच्या हौदातून बुडवून काढण्याची मोहीम चालली आणि 1943 पर्यंत जवळपास साऱ्या देशातून त्या गोचिडीचे उच्चाटन झाले. ते यश दोन गोष्टींवर उभे होते. टेक्सासची गोचीड एकाच गुरावर आयुष्य काढणारी होती, त्यामुळे गुराला बुडवले की ती मरे. आणि आजारी पडून मरत होते ते गुरच, म्हणजे मालकाची मालमत्ता. मलनाडची गोचीड आयुष्याचा बराच भाग पातेऱ्यात काढते, शिवाय तिच्यामुळे गुराचे दूध कमी होत नाही, त्याला तापही येत नाही. मरतात ती कोणाच्याच मालकीची नसलेली वानरे आणि आजारी पडतात ते दुसऱ्याच्या बागेत राबणारे मजूर.

पशुवैद्यकीय दवाखान्यात गोचिडीवरचे औषध मिळत नाही असे नाही. पण ते बहुतेक वेळा वापरले जाते ते थायलेरिओसिस आणि बबेसिओसिस या, गोचिडींमार्फतच पसरणाऱ्या आणि गुराच्या रक्तपेशींचा नाश करणाऱ्या रोगांपासून संकरित दुभत्या गाईला वाचवण्यासाठी, कारण ती आजारी पडली तर घरचा रोजचा पैसा थांबतो. आणि अशी गाय सहसा गोठ्यातच बांधलेली असते. सकाळी दावे सोडून रानात हाकलली जाणारी आणि संध्याकाळी पातेऱ्यातून वाट काढत परतणारी गावठी गुरे मात्र या औषधापासून लांबच राहतात, कारण त्यांच्या मालकाच्या हिशोबात त्यांना काहीच झालेले नसते.